गेलेला माणूस मनमिळाऊ नव्हता

आमच्या कॉलनीत कोणी गेलं की घरच्यांसमोर दोनच प्रश्न असायचे. पुण्याचा मुलगा कधी पोचतो, आणि काकांना घाटावर येण्यापासून कसं थांबवायचं. पहिल्याचं उत्तर मिळायचं, कारण मुलगा विमानाने यायचा. दुसऱ्याचं कोणालाच सापडलं नाही. काका कोणाच्या स्कूटरवर मागे बसून, नाही तर सरळ ऑटो करून, तिरडीच्या आधी घाटावर हजर. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. घसा कोरडा पडून कसं चालेल? बोलायचं असायचं ना!

बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्या नागपुरात चिता पेटली की लोक सरळ घरी जात नाहीत. घाटावरच्या शेडमध्ये शोकसभा भरते. रीतसर. अध्यक्ष ठरतो, सूत्रसंचालन करणारा हौशी माणूस आपसूक पुढे येतो, वक्ते नंबर लावून उभे राहतात. मागे लाकडं तडतडत असतात आणि पुढे भाषणं चालू. जिवंतपणी ज्याच्याशी कोणी धड बोललं नाही त्याच्याविषयीही पाचसहा जण बोलतात, आणि सगळे एकच बोलतात. गेलेला मनमिळाऊ होता, हसतमुख होता, परोपकारी होता आणि त्याच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आमच्या एका कॉलनीत इतक्या पोकळ्या निर्माण झाल्या आहेत की घरं अजून उभी आहेत याचंच नवल वाटतं.

सगळ्यांचं बोलून झालं, लोक चपला शोधायला लागले, की काका उठायचे. घरच्यांचे चेहरे उतरायचे. काका टोपी सारखी करायचे आणि ठरलेल्या वाक्याने सुरुवात करायचे.

"मंडळी, गेलेला माणूस मनमिळाऊ नव्हता."

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा मी चपला हातात धरूनच उभा राहिलो. गेले होते काकांचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, देवभक्त म्हणून नावाजलेले. काका म्हणाले, "माह्या शेजारी राहे, मले माहीत आहे. हा माणूस पहाटे उठून माह्या कुंपणावरून हात घाले, माही जास्वंद तोडे अन् आपल्या देवाले वाहे. मी खिडकीतून पाहून राहिलो हे त्याले माहीत होतं. तरी तोडे." मुलगा खाली मान घालून उभा. सूनबाई रडायची थांबली. "मंग माही बायको दवाखान्यात पडली. मी रातदिवस तिथंच. घराची किल्ली याच्याजवळ ठेवली होती. घरी आलो तं देवापुढे ताजं फूल. रोज येऊन वाहून जाय. माहीच जास्वंद, माह्याच देवाले! असा होता तो. चोर होता अन् चांगला होता. नमस्कार." एवढं बोलून काका बसले, बाटली काढली आणि गटागटा पाणी प्यायले.

मुलाने तेरवीपर्यंत काकांचं तोंड पाहिलं नाही. पण तेरवीच्या पंगतीत मी स्वतः ऐकलं, सूनबाई माहेरच्या माणसांना वाढता वाढता सांगत होती, "अहो, बाबा त्यांचीच जास्वंद तोडून त्यांच्याच देवाला..." आणि हसत होती, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावत होती. अध्यक्ष काय बोलले होते ते तिथे कोणालाच आठवत नव्हतं. अध्यक्षांनाही नाही.

हे अध्यक्ष म्हणजे आमच्या कॉलनीचे कायमचे अध्यक्ष. सोसायटीचे तेच, गणपतीचे तेच, ज्येष्ठ नागरिकांचे तेच आणि घाटावरचेही तेच. त्यांचं भाषण एकच. फक्त नाव बदलायचं. एकदा एक बाई गेल्या तर घाईघाईत म्हणाले, "त्यांच्या पत्नीला हे दुःख सहन करण्याचं बळ मिळो." मिळालं असेल! या गृहस्थांना जगात कोणाची भीती वाटत नव्हती, एक काका सोडून. कारण एका उन्हाळ्यात कॉलनीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा पाइप आधी अध्यक्षांच्या टाकीत पडायचा आणि उरलं तर जनतेला. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळे सोयीस्कर विसरले होते. काका विसरले नव्हते. गणपतीच्या आरतीला, चारचौघांत, काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाले होते, "तुह्या वेळेस टँकरचं सांगीन बरं!" अध्यक्ष हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचं फिरणं सुरू केलं आणि चहातली साखर सोडली. काकांच्या आधी जायचं नाही, एवढाच त्या व्यायामाचा हेतू होता.

मी काकांचा भाडेकरू. अमरावती रोडवर, वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मला नोकरी लागली आणि मी खोली शोधत काकांच्या फाटकात उभा राहिलो. काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन इथे घर बांधून राहिले होते. वर एक खोली रिकामी होती. दुसरा घरमालक नाव विचारतो, पगार विचारतो, जात विचारल्याशिवाय जात काढून घेतो. काकांनी फक्त गाव विचारलं. मी सांगितलं, सावनेरजवळचं. काकांनी डोळे मिटले.

"तुमच्या गावचा एक जण खापरखेड्याले माह्या संग होता. माहा सायकलचा पंप घेऊन गेला. वापस नाही केला."

"मी नाही ओळखत त्यांना."

"तू नको ओळखू. मी ओळखतो ना! ये सामान घेऊन."

आलो होतो वर्षभरासाठी, अजून तिथेच आहे. आणि जितकी वर्षं राहिलो तितकी वर्षं तो पंप माझ्या मानगुटीवर. काका, वरचा बल्ब गेला. "पंपही असाच गेला होता." काका, मी दोन दिवस गावाला जाऊन येतो. "जाऊन येजो, अन् पंपाचं विचारजो." माझं लग्न ठरलं, पत्रिका द्यायला गेलो, तर पत्रिकेवरचं गावाचं नाव वाचून म्हणाले, "पोरीच्या घरच्याले पंपाचं सांगितलं ना? लपवू नको काही." माणूस एवढ्याशा वस्तूसाठी इतका चिकट होऊ शकतो याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं.

काकू उमरेडच्या. माहेरी हातमाग, बाप आणि भाऊ दिवसभर मागावर, त्यामुळे त्या खटखटीच्या वर आवाज चढवून बोलायची लहानपणापासून सवय. त्यांचं संसारातलं एकच गाऱ्हाणं होतं. "साऱ्या गावाची मढी याच्या ध्यानात राहते. बजारातून सांबार आणा म्हटलं तं हात हलवत येते!" सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. काका दर वेळी विसरायचे, आणि दर वेळी सांबार नसलेली भाजी खाऊन वर म्हणायचे, "काहीतरी कमी आहे वं."

काकूंनी त्यांच्याकडून एक शपथ घेतली होती. माझ्यासमोरच. काका कुठल्याशा घाटावरून आंघोळीला आले होते आणि काकू बादली पुढे करत म्हणाल्या, "माह्या वेळेस तुमी तोंड उघडायचं नाही. सांगून ठेवते. घ्या शप्पत."

"काहून? तुह्यात काय आहे लपवण्यासारखं?"

"तुमाले माहीत आहे."

काका मिशीतल्या मिशीत हसले. "स्टँडचं?"

"चूप बसा! भाडेकरू उभा आहे."

काकांनी ओल्या अंगाने शपथ घेतली. मला एवढंच कळलं की काहीतरी स्टँडचं आहे. पण काय आहे ते विचारायची छाती झाली नाही. विचारलं असतं तर पंप निघाला असता.

मग काका विसरायला लागले. आधी गंमतच वाटली. सकाळी चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खाऊन यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, चल गा, पोहे खाऊन येऊ. चष्मा कूलरच्या पाण्यात सापडला. मला कधी जुन्या भाडेकरूच्या नावाने हाक मारायचे, कधी भावाच्या. आणि एका शोकसभेत उठून त्यांनी जास्वंदीची गोष्ट जशीच्या तशी दुसऱ्याच माणसावर सांगितली. हा माणूस राहत होता वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. कुंपण नाही, अंगण नाही, देवावर तर विश्वासच नाही. मला वाटलं आता भांडण होणार. कसलं काय! घरचे संध्याकाळी पेढे घेऊन आभार मानायला आले. म्हणाले, बाबांची ही बाजू आम्हाला माहीतच नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, वय झालं, हे असंच वाढणार. आज सकाळचं आधी जाईल, जुनं मागून जाईल. कॉलनीने त्यातलं "जाईल" एवढंच ऐकलं.

आणि मग सुरू झाली काकांच्या घरी वर्दळ. जे लोक वर्षानुवर्षं काका दिसले की रस्ता बदलायचे ते संत्रा बर्फीचे डबे घेऊन फाटक वाजवायला लागले. तब्येतीची चौकशी एक मिनिट आणि मग हळूच, बर्फीचा तुकडा काकांच्या हातात ठेवत, "काका, आठवते ना?" एकाने म्हाताऱ्या सासूला घराबाहेर काढलं होतं, साऱ्या गल्लीने तिचं बोचकं पाहिलं होतं. तो सांगून गेला की सासूच हट्टाने गावी गेली. एका बाईने बारशात दुसरीच्या गळ्यातल्या खोट्या हारावरून रामायण घडवलं होतं. ती सांगून गेली की आम्ही दोघी तर बहिणींसारख्या. काका सगळ्यांना म्हणायचे, "हाव." बर्फी चघळत, कूलरकडे बघत, "हाव, हाव." लोक नव्या कोऱ्या भूतकाळाने बाहेर पडायचे. शेवटी अध्यक्ष आले. म्हणाले, "काका, तो टँकर आठवते ना? मी आधी सगळ्यांना पाणी देत होतो, मग उरलं तर माझ्या टाकीत."

"हाव," काका म्हणाले.

फाटकातून बाहेर पडताना अध्यक्ष शीळ घालत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चहात पुन्हा साखर पडायला लागली, आणि सकाळचं फिरणं बंद.

माझं डोकं फिरायचं. अरे, माणूस विसरतो म्हणून काय त्याच्या डोक्यात घरचा केरकचरा आणून ओतायचा? लाजा नाही वाटत? काकूंना म्हटलं, उद्यापासून फाटकाला कुलूप लावा. त्या म्हणाल्या, "येऊ दे. बर्फी तं खाते ना तेवढी." एक दिवस मलाच लहर आली. पाहू तरी म्हटलं. मीही एक बर्फीचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "काका, तो पंप वापस आला होता बरं का."

काका चघळता चघळता थांबले. "नाही आला."

"आला होता. आठवा ना."

"नाही आला. काळा होता. वायसर मी नवीन टाकला होता त्यात." मग काकूंकडे वळून माझ्याकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं, "हा कोण आहे वं?"

म्हणजे मी गेलो होतो, आणि पंप शाबूत होता. मी हसत हसत वर गेलो. पण खोलीत जाऊन बसलो तर हसू येईना.

याच दिवसांत काकूंनी एक नवीन प्रकार सुरू केला. संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडायला बसल्या की काकांना समोर बसवायच्या आणि एक गोष्ट सांगायच्या. रोज तीच. आवाज हातमागावरचा, त्यामुळे मलाही रोज ऐकू यायची. तर ती होती स्टँडची गोष्ट. लग्नाचं पहिलं वर्ष, खापरखेड्याचं क्वार्टर. काकांची स्मरणशक्ती तेव्हा ऐन भरात, आणि घाट अजून सापडला नव्हता, त्यामुळे ती सगळी बायकोवर खर्च व्हायची. परवाच्या वरणात मीठ जास्त होतं, त्याच्या आधीच्या सोमवारी भाकर करपली होती, संक्रांतीला आईसमोर उलट बोलली होतीस. एक दिवस काकूंनी अर्धवट मळलेली कणीक परातीत तशीच टाकली, पिशवी उचलली आणि निघाल्या. नागपूरच्या स्टँडवर उमरेडच्या गाडीची वाट बघत बसल्या.

"मंग तुमी धावत आले," काकू मेथीची पानं खुडत सांगायच्या, "साऱ्या स्टँडसमोर हात जोडले. म्हणे, चुकलो बाई, घरी चाल."

"मी हात जोडले?"

"तं काय! साऱ्या लोकायनं पाह्यलं."

"हो काय," काका म्हणायचे आणि कूलरकडे बघत राहायचे.

मी एकदा न राहवून विचारलं, "काकू, तुम्हीच तर शपथ घ्यायला लावली होती. आता तुम्हीच रोज आठवण करून देऊन राहिल्या?"

"सांगू नका म्हटलं होतं," त्या फणकारल्या. "इसरा कुठं म्हटलं होतं?" मग मेथीची पुढची जुडी ओढली. "तिथं आमी दोघंच होतो गा. तिसऱ्याले माहीतच नाही. हा इसरला तं मंग मी एकटीच बसून राहीन त्या स्टँडवर."

मी देठ वेचत बसलो. कॉलनीतली सगळी माणसं काकांनी विसरावं म्हणून येत होती, आणि ही एकटी बाई रोज संध्याकाळी त्या गळक्या माठात पाणी ओतत होती.

त्या उन्हाळ्यात अध्यक्षांचे मोठे भाऊ गेले. काकांना आता एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून काकूही घाटावर आल्या. हल्ली बायका येतात. घरापासून शेडपर्यंत काकूंनी त्यांचा हात सोडला नाही. शेडपाशी बायका एका बाजूला निंबाखाली थांबल्या, काकूंनाही तिकडे ओढलं, आणि मी काकांना धरून खुर्चीवर बसवलं. काका आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत होते. मग पेटलेल्या चितेकडे बघितलं. मग पुन्हा तळहाताकडे. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

भाषणं झाली. गेलेले मनमिळाऊ होते, हसतमुख होते. अध्यक्ष तर आता इतके निर्धास्त होते की त्यांनी स्वतःच पुकारलं, "आपल्या कॉलनीचे ज्येष्ठ, आम्हा सर्वांना पितृतुल्य असे आपले काका आता दोन शब्द बोलतील."

काका उठले. टोपी सारखी केली.

"मंडळी, आज जी गेली, ती मनमिळाऊ नव्हती."

शेडमध्ये चुळबुळ झाली. अध्यक्ष पुढे वाकून म्हणाले, "काका, माझे मोठे बंधू... बंधू गेले."

"मधात बोलू नको. तुहाही नंबर येईन." काका लोकांकडे वळले. "माही बायको होती. उमरेडची. हात मागावरचे, नाजूक. तोंड मात्र अजिबात नाजूक नाही."

सगळ्या बायका काकूंकडे बघायला लागल्या. मी काकांना बसवायला उठलो. पण निंबाखालून काकूंनी मान हलवली. राहू दे.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी घर सोडून गेली. काहून? माह्यापायी. तिचं चुकलेलं सारं मी ध्यानात ठेवो अन् रोज जेवताना सांगो. मी ड्यूटीहून आलो तं परातीत कणीक वाळून राहिली होती. समजलो. सायकल काढली, तं चाकात हवा नाही. पंप पाहतो, तं पंप नाही! सावनेरकडचा एक जण घेऊन गेला होता. सायकल फेकली अन् रोडवर येऊन उभा राहिलो. कोळशाचा ट्रक भेटला, त्याच्यात मागं बसलो. स्टँडवर उतरलो तं काळाठिक्कर. हिनं ओळखलंच नाही पहिले. तवरिक दुपार झाली होती. ती समजून बसली, हा काही येत नाही."

पंप! इतकी वर्षं मी त्याला पंप समजत होतो.

"बाकावर बसली होती. उमरेडची गाडी आली, गेली. आणखी आली, गेली. ती बसूनच. बापाकडं जायाले तोंड नाही, माह्याकडं यायाचं मन नाही. मी समोरच्या बाकावर बसलो. मी काहून जाऊ तिच्याकडं? मी नवरा ना! दोघंही बसून राहिलो. ऊन उतरलं. माह्या पोटात आग पडली, अन् खिशात काही नाही, तसाच निघालो होतो घरून. तोंडावर कोळसा, पोटात भूक, अन् अकड तेवढीच. मंग ती उठली. ठेल्यावर गेली. पोह्याची प्लेट घेतली, तर्री मारून. आणून माह्या हातात देली. म्हणे, खा. अन् हेही ध्यानात ठेवा."

काका थांबले. बोलणं संपलं असं वाटलं.

"ठेवलं," ते म्हणाले.

"खोटं!" निंबाखालून आवाज आला. घाटावरच्या सगळ्या माना वळल्या. काकू पदर कमरेला खोचून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "साफ खोटं! तुमीच आले होते उठून! हात जोडले होते!"

जिच्या शोकसभेत बोलतो आहोत तीच मध्ये बोलते आहे, याचं काकांना काहीच वाटलं नाही. त्यांनी आवाजाच्या दिशेने नुसतं पाहिलं. "नाही," ते शांतपणे म्हणाले. "तू आली." आणि बसले, बाटली काढली आणि पाणी प्यायले.

अध्यक्षांच्या भावाची शोकसभा तिथेच संपली. त्यांची पोकळी निर्माण व्हायची राहूनच गेली. लोक डोळे पुसत, हसत, एकमेकांना धक्के देत चपला घालत होते. अध्यक्ष मात्र काकांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बर्फी वाया गेली. टँकर तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा फिरताना दिसले, झपाझपा, घामाघूम.

परत येताना ऑटोत काकू मध्ये, काका खिडकीशी. "कोण गेलं होतं?" काकांनी विचारलं.

"कोणीच नाही. सरळ बसा," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माहं झालं गा आज. माह्या वेळेस कोणाले बोलू देऊ नको. त्या अध्यक्षाले तं अजिबातच नाही."

"पण काकू, खरं काय? कोण उठलं होतं आधी?"

"तुले काय करायचं आहे?" त्या म्हणाल्या. "तुमच्याच गावचे पंपचोर!"

आणि दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर पालक निवडता निवडता पुन्हा तीच गोष्ट. तुमी धावत आले, साऱ्या स्टँडसमोर हात जोडले. काका म्हणाले, "हो काय." मला वाटलं होतं त्या आता तरी खरी सांगतील. पण नाही. बाई हट्टाची.

यंदा होळीच्या आधी काकू गेल्या. सकाळी चहा ठेवला, ओट्यावर येऊन बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. मी रडलो. सख्खी आत्या गेली तेव्हा एवढा रडलो नव्हतो. घाटावर सगळी कॉलनी आली. चिता पेटली, लोक सवयीने शेडमध्ये जमले, आणि अध्यक्षांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या करून घसा खाकरला. मी जाऊन त्यांचं कोपर धरलं.

"बसा."

"अहो, दोन शब्द तर..."

"नाही. त्यांचं होऊन गेलं आहे. बसा म्हटलं ना!"

ते बसले. कोणीच बोललं नाही. आमच्या घाटावर एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. नुसती लाकडं तडतडत होती. काका खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिशवी. बराच वेळ त्यांनी ते सगळं पाहिलं आणि मग माझी बाही ओढली.

"कोण गेलं गा?"

मी त्यांचा हात हातात घेतला. "काकू गेल्या, काका."

त्यांनी चितेकडे पाहिलं. मग शेडमध्ये मान खाली घालून बसलेल्या लोकांकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"मंग कोणी बोलून काहून नाही राहिलं?"

"तुम्ही बोलले ना मागेच. सगळं बोलले."

"मी बोललो?" काका विचारात पडले. "खरं बोललो?"

"काकू तर भर घाटावर ओरडल्या. म्हणे, साफ खोटं आहे."

काकांनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि घोटभर पाणी प्यायले. बाटली परत पिशवीत ठेवली.

"मंग खरंच बोललो असीन," ते म्हणाले.